शनिवारचा आकडा

सोलापुरातल्या एका धर्मादाय ट्रस्टच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात गुरुबसप्पा उटगे एकोणीस वर्षं रक्त तपासत होता. मूळचा अक्कलकोटकडचा. घरात कानडी, बाहेर मराठी. जिन्याखालची लांबट खोली ही त्याची लॅबोरेटरी. तिथं एक मायक्रोस्कोप, एक स्पिरिटचा दिवा आणि उकळून धुतलेल्या पेनिसिलिनच्या रिकाम्या बाटल्यांची रांग. त्याच बाटल्यांत वॉर्डातलं रक्त खाली येई.

१९७८ च्या दिवाळीनंतर डॉक्टर विजयालक्ष्मी येमूल दवाखान्यात रुजू झाल्या. साखर पेठेतल्या विणकराची मुलगी, पुण्याला शिकून आलेली. तिसऱ्याच दिवशी त्या जिन्याखाली आल्या आणि स्टुलावर बसल्या. आजवर एकही डॉक्टर त्या स्टुलावर बसला नव्हता.

“उटगे, तुम्ही प्लेटलेट मोजता?”

“मोजतो की बाई. तापाच्या साथीच्या वक्ताला लई मोजल्या. पर बाळंतपणात कोण मागत नाही.”

“मी मागणार आहे. चाळीस बायकांच्या. प्रत्येकीच्या दर आठवड्याला.”

मग त्यांनी त्याला समजावून सांगितलं. गरोदरपणात ज्या बाईचं प्रेशर वाढतं, तिच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती आतून खराब व्हायला लागतात. भिंत जिथं बिघडते तिथं प्लेटलेट धावतात, चिकटतात आणि संपतात. रक्त थांबवायचं काम त्यांचंच, पण त्या आतल्या आतच खर्ची पडतात. उरतात त्याही दमलेल्या असतात. प्रेशर भडकलं की डोकं दुखतं आणि मग झटके येतात. परदेशातल्या काही डॉक्टरांचं म्हणणं असं, की प्रेशर भडकायच्या आधीच हा आकडा उतरायला लागतो.

“म्हणजे झटके यायच्या आधी कळेल?” गुरुबसप्पानं विचारलं.

“तेच बघायचंय.”

त्या दवाखान्यात वर्षाला सात-आठ बायका झटक्यांनी जात. त्यांची लघवी तपासायचं काम गुरुबसप्पाच करी. नळी दिव्यावर धरली की आतलं पाणी दह्यासारखं घट्ट पांढरं होई. तो कागदावर चार फुल्या मारी, त्याहून वाईट काही नसे, आणि वर पाठवी. बऱ्याचदा कागद पोचेपर्यंत बाई गेलेली असे. त्यामुळं येमूल बाईंचं बोलणं त्याला एकदम पटलं.

काम चिकाटीचं होतं. रक्तात औषधाचं पाणी मिसळून तांबड्या पेशी फोडायच्या. थेंब आखलेल्या काचेवर घ्यायचा, ओल्या टिपकागदाखाली वीस मिनिटं झाकून ठेवायचा. मग मायक्रोस्कोपला डोळा लावून, उजेड कमी करून, चौकोनामागून चौकोन मोजत जायचं. प्लेटलेट म्हणजे धुळीच्या कणाएवढी चीज, जराशी चमकते म्हणून दिसते. खरी धूळ आणि ती यांतला फरक डोळ्याला सवयीनंच कळतो. त्याशिवाय कानाच्या पाळीला टोचून रक्त किती मिनिटांत थांबतं ते टिपकागदावर टिपायचं. आणि नळीतलं गोठलेलं रक्त तासाभरात आकसतं का, ते पाहायचं. प्लेटलेट नुसत्या किती आहेत हे कळून भागत नव्हतं, त्या काम करतात का हेही बाईंना हवं होतं.

गुरुबसप्पाला एकच भीती होती. आदल्या वर्षी त्यानं एका बाईचा आकडा चाळीस हजार कळवला होता. दवाखान्यात धावपळ झाली, तीन माणसांचं रक्त काढून ठेवलं, आणि मग कळलं की बाटलीत रक्ताची बारीकशी गुठळी धरली होती. प्लेटलेट सगळ्या त्या गुठळीत अडकलेल्या. बाईला काहीच झालं नव्हतं. मोठे डॉक्टर म्हणजे दवाखान्याचे प्रमुख. त्यांनी सगळ्या नर्सेससमोर त्याला म्हटलं होतं, “उटगे, डोळे गेले असतील तर सांगा, दुसरा माणूस बघतो.” त्या दिवसापासून कमी आकडा आला की गुरुबसप्पा दुसऱ्यांदा मोजी, तिसऱ्यांदा मोजी, आणि तरी त्याला वाटे की चूक आपलीच असणार.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मायाक्का वॉर्डात आली. मंद्रूपच्या पलीकडच्या वस्तीवरची धनगराची सून. वय तेवीस-चोवीस. दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा सातव्या महिन्यात मूल पोटातच गेलं होतं. दुसऱ्या वेळी तिला फेफरं आल्यासारखे झटके आले होते. वस्तीवरच्यांनी ते देवीचं म्हणून धरलं. या खेपेला नवरा धुळाप्पा मेंढरं घेऊन मंगळवेढ्याकडं जाताना आईला सांगून गेला, “हिला सोलापूरला न्हे. हितं ठिवू नगंस.”

सासू राजाबाई तिला घेऊन आली. पाय सुजलेले, प्रेशर एकशेचाळीस-नव्वद. येमूल बाईंनी तिला खाटेवर निजवलं आणि आपल्या यादीत घेतलं.

पहिल्या दिवशी गुरुबसप्पा सुई घेऊन गेला तेव्हा राजाबाई आडवी आली. “येवढं रगत काडताय, पोटातल्याला काय उरंल?”

“चमचाभर बी नाही, मावशी.”

“आज चमचा, उद्या चमचा. दोन लेकरं गेली हिची. मला तिसरं पायजे.”

मायाक्का भिंतीकडं तोंड करून पडली होती.  ती हळूच काहीतरी कानडीत पुटपुटली, आणि गुरुबसप्पा चटकन खाली वाकला. “अंजब्याडव्वा,” तो म्हणाला. भिऊ नको, एवढंच. तिनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं.

“तुमी आमच्यातलं?”

“तुमच्यातला नाही. पर अक्कलकोटचा. घरात कानडीच की.”

“मग काडा, अण्णा,” ती म्हणाली आणि हात पुढं केला.

पहिला आकडा दोन लाख दहा हजार, म्हणजे चांगला. दुसऱ्या आठवड्यात एक लाख ऐंशी. तिसऱ्यात एक लाख चाळीस. प्रेशर मात्र हललं नव्हतं. मायाक्काच्या तोंडावर जरा तकाकी आली होती. बाळ हालतं तेव्हा ती राजाबाईचा हात धरून पोटावर ठेवी आणि सासू मोठ्यानं हसे. वॉर्डातल्या बायकांना दोघींचं कौतुक वाटे. एकदा मायाक्कानं गुरुबसप्पाला विचारलं, “अण्णा, काचंत काय दिसतंय? पोरगा का पोरगी?”

“ते नाही दिसत. बारकं बारकं चमकतं काहीतरी. ते मोजतो.”

“लई हाय का?”

“हाय,” तो म्हणाला. त्या दिवशी एक लाख चाळीस होतं, आणि तो तिला काय सांगणार होता?

मार्चच्या पहिल्या गुरुवारी आकडा पंच्याण्णव हजार निघाला. कानाचं रक्त थांबायला साडेसात मिनिटं लागली. गुरुबसप्पानं तीनदा मोजलं, मग येमूल बाईंना बोलावलं. त्यांनी स्वतः मायक्रोस्कोपला डोळा लावला.  मान वर केली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. तो त्यांना लपवता आला नाही.

“अगदी तसंच होतंय, उटगे. प्रेशर जागच्या जागी, आणि हे बघा. पंच्याण्णव हजारांतसुद्धा रक्त पाच मिनिटांत थांबायला पाहिजे. म्हणजे आहेत त्याही नीट काम करत नाहीयेत.”

मग त्यांना कसलीतरी जाणीव झाली असावी. वही उचलून त्या मोठ्या डॉक्टरांकडं गेल्या. गुरुबसप्पा मागोमाग गेला आणि दाराशी थांबला.

“सर, मायाक्काचं मूल काढावं असं मला वाटतं.”

“किती आठवडे?”

“बत्तीस.”

“प्रेशर?”

“तेवढंच. लघवीत एक फुली.”

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते वाईट माणूस नव्हते. तीस वर्षं ते बायकांची सुटका करत आले होते. “बाई, बत्तीस आठवड्यांचं मूल जगवायला आपल्याकडं काय आहे? कापूस आणि गरम पाण्याच्या बाटल्या. दोन मुलं गेलेली बाई आहे ती. प्रेशर हलत नसताना, एका नव्या आकड्याच्या भरवशावर मी तिचं तिसरं मूल बाहेर काढून मारू? तुम्हीच सांगता की हे अजून सिद्ध व्हायचंय.”

ते खरंच होतं.

“लक्ष ठेवा,” मोठे डॉक्टर म्हणाले. “आकडा आणखी उतरला तर या. मी बघतो.”

शनिवारी येमूल बाईंना पुण्याला जायचं होतं. भावाचं लग्न ठरवायला वडील निघाले होते आणि घरातून सुटका नव्हती. जाताना त्या जिन्याखाली आल्या. “उटगे, दुपारी मायाक्काचं रक्त घ्या. ऐंशीच्या खाली गेलं तर कुणाला विचारत बसू नका. सरळ सरांच्या घरी जा. माझं नाव सांगा.”

“जातो की, बाई.”

दुपारी एक वाजता त्यानं रक्त घेतलं. ऊन कडक होतं. वॉर्डातले पंखे हळू फिरत होते. मायाक्कानं नुसता हात दिला. खाली येऊन त्यानं काच झाकून ठेवली आणि वीस मिनिटांनी मोजायला बसला.

बावन्न हजार.

त्यानं दुसरा थेंब घेतला. पन्नास. तिसरा घेतला. चोपन्न. मग बाटली उजेडात धरून काचेच्या काडीनं आत ढवळलं. काडीच्या टोकाला तांबूस तंतूसारखं काहीतरी आलं. केसाएवढं. तो काडी फिरवत राहिला. गुठळी असेल तर आकडा खोटा. नसेल तर हा टोकाला आलेला तंतू काय आहे? कापसाचा धागाही असेल. त्यानं टिपकागदावर काडी टेकवली. एक डाग उमटला आणि त्यावरून काही कळेना.

मोठे डॉक्टर जेवून आडवे झाले असतील. त्यांना उठवायचं, इथवर आणायचं, आणि मग ही गुठळी निघाली तर? त्याच्या कानात आदल्या वर्षीचं वाक्य वाजत होतं. दुसरं रक्त घ्यावं, हेच बरं. तो वर गेला.

मायाक्का कपाळावर ओला फडका ठेवून पडली होती, डोळे मिटलेले. राजाबाई उशाशी बसून पदरानं वारा घालत होती.

“आता कशापायी?” तिनं दबक्या आवाजात विचारलं.

“मावशी, मघाचं रक्त जरा बिघडलं. आणखी एक डाव घ्यावं लागतंय.”

“बिगाडलं तुमी, आन् टोचायचं हिला? सकाळधरनं डोस्कं दुखतंय म्हनत हुती. आत्ता कुटं डोळा लागलाय. उद्या घ्या.”

“उद्या रविवार.”

“मग सोमवारी घ्या. पळून चाललीय का ती?”

 डोकं दुखतंय हे गुरुबसप्पानं ऐकलं. पण त्याचं सगळं मन त्या तंतूभोवती गुंतलं होतं. तो म्हणाला, “उद्या सकाळी येतो मी, सुट्टी असली तरी.” राजाबाईनं मान हलवली. त्याला खरं सांगायचं तर हलकं वाटलं. एक दिवसानं काय होतंय? उद्या ताजं रक्त, नीट बाटली, नीट आकडा. मग कुणी नाव ठेवणार नाही. तो खाली आला, बाटली धुतली, आणि वहीत शनिवारची जागा कोरी ठेवून घरी गेला.

संध्याकाळी बायकोनं, गुरम्मानं, भाकरी वाढली. त्यानं अर्धी खाल्ली.

“काय झालं?” तिनं विचारलं.

“काही नाही. डोळे दुखतात.”

रविवारी सकाळी साडेसातला तो वॉर्डात पोचला. मायाक्का जागी होती. तोंड सुजलं होतं, डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या. नर्सनं नुकतंच प्रेशर घेतलं होतं आणि ती पुन्हा पट्टा बांधत होती, कारण पहिल्या वेळी तिचा विश्वास बसला नव्हता. एकशेऐंशी-एकशेवीस. गुरुबसप्पानं कानाला टोचलं. टिपकागदावर दर अर्ध्या मिनिटाला एक ठिपका. पाच मिनिटं, सात, नऊ. ठिपके लहान होईनात. अकराव्या मिनिटाला त्यानं कागद तसाच टाकला, कानावर कापूस दाबला आणि बाटलीत रक्त घेतलं. तो धावत खाली उतरला. या खेपेला त्यानं एकदाच मोजलं. अठ्ठावीस हजार. काडीला काहीही लागलं नाही.

तो सायकलवरून मोठ्या डॉक्टरांच्या घरी गेला. ते अंगणात पेपर वाचत होते.

“सर, मायाक्का. अठ्ठावीस. कानाचं रक्त अकरा मिनिटं थांबलं नाही.”

त्यांनी एक शब्द विचारला नाही. पायांत चपला सरकवल्या आणि गाडी काढली. गुरुबसप्पा त्यांच्या शेजारी बसला. दवाखान्याच्या आवारात शिरतानाच त्यांना राजाबाईचा आवाज ऐकू आला.

पहिला झटका येऊन गेला होता. मायाक्काच्या ओठांतून फेस आणि रक्त येत होतं. जीभ चावली गेली होती, आणि एवढ्याशा जखमेतून रक्त थांबत नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी सुया दिल्या, झटका आवरला, मग पोटावर हात ठेवला. पोट लाकडासारखं कडक झालं होतं. त्यांनी नळी पोटाला लावून बराच वेळ ऐकलं. मग दुसऱ्या बाजूला लावली. शेवटी नळी खिशात ठेवली आणि राजाबाईकडं न बघता म्हणाले, “मूल गेलं. आता हिला बघू.”

दुपारी मूल बाहेर आलं. मुलगा होता. पण त्याच्यामागून जे रक्त आलं ते थांबेना. मोठ्या डॉक्टरांनी काचेच्या नळीत थोडं घेऊन गुरुबसप्पाच्या मुठीत दिलं. “धरून ठेवा. किती वेळात गोठतं सांगा.” तो मूठ मिटून घड्याळाकडं बघत उभा राहिला. दहा मिनिटांनी मूठ उघडली. नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं.

“गोठत नाही, सर.”

“ताजं रक्त पाहिजे. बाटलीतलं जुनं नको. अंगातून काढलेलं, कोमट. कोण आहे?”

गुरुबसप्पाचं रक्त ‘ओ’. त्यानं स्वतःच जुळवणी केली आणि बाकावर आडवा झाला. नर्सनं सुई टोचली. त्याच्यानंतर वॉर्डबॉय मोहोळकर झोपला, मग स्वतः मोठे डॉक्टर. तीन बाटल्या लागोपाठ गेल्या. चौथ्या माणसाच्या शोधात नर्स मिशनच्या हॉस्टेलात पळाली आणि दोन मुलींना घेऊन आली. ऊन उतरायला लागलं तेव्हा रक्ताची धार बारीक झाली, आणि दिवे लागायच्या सुमारास थांबली.

मायाक्का वाचली.

राजाबाईनं नातवाला आपल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि वॉर्डबॉयबरोबर जाऊन मातीआड केलं. परत आली तेव्हा तिच्या पायांना माती होती. ती पाय न धुताच सुनेच्या उशाशी बसली.

मंगळवारी येमूल बाई परत आल्या. त्यांना फाटकातच सगळं कळलं होतं. त्या जिन्याखाली आल्या, स्टुलावर बसल्या आणि वही उघडली. गुरुवारचा आकडा होता. रविवारचा होता. मधली ओळ कोरी.

“शनिवारचा?”

गुरुबसप्पाकडं उत्तर तयार होतं. दोन दिवस तो ते घोकत होता. रक्त गोठलं होतं बाई, मोजता आलं नाही. हे कुणालाही खोटं ठरवता आलं नसतं. बाटली धुतलेली होती. त्यानं तोंड उघडलं आणि त्याच्या तोंडून आलं, “बावन्न हजार.”

“किती?”

“बावन्न. तीनदा मोजलं. बाटलीत धागा दिसला. गुठळी असंल वाटलं. वर गेलो दुसरं घ्यायला, तर मावशी नको म्हणाली. मग मी घरी गेलो.”

येमूल बाईंनी कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं. “तुम्ही सरांकडं गेला नाहीत.”

“नाही.”

“मी सांगितलं होतं ना, कुणाला विचारत बसू नका म्हणून?”

“सांगितलं होतं.”

त्या उठल्या. दोन पावलं टाकून थांबल्या. “गुरुवारी मला आनंद झाला होता,” त्या भिंतीकडं बघत म्हणाल्या. “तुम्ही पाहिलंत ना?” त्या मागं वळल्या. “लिहा तो आकडा वहीत. तारीख घाला. पुढं खरं कारण लिहा.”

त्यानं लिहिलं. मग वही घेऊन तो मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेला आणि उघडून त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ओळ वाचली. नोकरी गेली असं धरूनच गुरुबसप्पा उभा होता.

“शनिवारी तुम्ही आला असतात,” मोठे डॉक्टर सावकाश म्हणाले, “तर मी निघालो असतो की नसतो, मला आज सांगता येत नाही. बहुतेक म्हणालो असतो, पुन्हा मोजा.” त्यांनी वही मिटून परत दिली. “मागं मी तुम्हाला बोललो होतो. चारचौघांत.”

“व्हय, सर.”

“जा. काम करा.”

ओझं त्यामुळं कमी झालं नाही. ओरडले असते तर कदाचित झालं असतं.

पाचव्या दिवशी मायाक्का उठून बसायला लागली. दूध सुटलं होतं आणि छाती घट्ट बांधून ठेवली होती. धुळाप्पाला निरोप गेला होता पण तो अजून आला नव्हता. गुरुबसप्पा रक्त घ्यायला गेला. रक्त घेऊन झाल्यावर तो निघाला नाही. खाटेच्या कडेला उभा राहिला.

“मायाक्का, तुला एक सांगायचंय.”

तिनं मान वर केली.

“शनिवारीच मला कळलं होतं. तुझं रक्त लई उतरलं होतं. डॉक्टरांना सांगायला पाहिजे होतं. मी नाही सांगितलं. माझंच चुकलं असंल असं वाटलं.”

राजाबाई मधेच म्हणाली, “म्या न्हाय म्हनलं की तुमाला. म्याच म्हनलं, उद्या घ्या.” तिनं सुनेची चादर सारखी केली. “माज्याच तोंडानं म्हनलं.”

“तुमचं काय मावशी, तुमाला काय माहीत?”

“गप बसा दोगं बी,” मायाक्का म्हणाली. तिची जीभ अजून सुजलेली होती, शब्द जड येत होते. “मी जागी हुते.”

राजाबाई तिच्याकडं वळली.

“डोळं मिटलं हुतं, कारन उगडलं की काजवं चमकायचं. तुमचं समदं आयकत हुते. रगत बिगाडलं म्हनलासा, ही उद्या घ्या म्हनली. माज्या उशाला हुबं ऱ्हाऊन बोललासा. मला कुनी इचारलं न्हाय. इचारलं असतंत तर मी हात दिला असता, अण्णा.”

“तू का नाही बोललीस मग?” राजाबाई रडत म्हणाली.

“तू हुतीस की बोलायला.”

तिनं चादर अंगावर ओढली आणि भिंतीकडं वळली. गुरुबसप्पाला वाटलं, ती काहीतरी आणखी म्हणेल. शिवी देईल, किंवा जाऊ द्या म्हणेल. शेवटी तो रक्ताची बाटली घेऊन जिना उतरला.

धुळाप्पा आला तो दवाखान्यातून सोडायच्या दिवशी. उंच, उन्हानं काळवंडलेला माणूस, खांद्यावर घोंगडं. मोठ्या डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा दिवस गेले तर ही वाचणार नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं, “व्हय, सायेब,” म्हणाला, आणि बायकोचं गाठोडं उचललं. तिघं फाटकातून एस. टी. स्टँडच्या दिशेनं चालत गेली. मायाक्का हळू चालत होती आणि धुळाप्पा पुढं जाऊन पुन्हा पुन्हा थांबत होता.

येमूल बाईंनी चाळीस बायका पुऱ्या केल्या. निबंध हैदराबादच्या परिषदेत वाचला. मायाक्काच्या आकड्यांचा आलेख त्यात होता, शनिवारचा ठिपका धरून. लोकांनी टाळ्या वाजवल्या असं ऐकलं. बाईंनी स्वतः त्याबद्दल काही सांगितलं नाही. दवाखान्यात एवढं मात्र झालं, की कमी आकडा आला की तो गुठळीचा असो वा नसो, आधी डॉक्टरांना सांगायचा आणि मग दुसरं रक्त घ्यायचं. त्या वर्षी झटक्यांनी पाच बायका गेल्या. त्याच्या पुढच्या वर्षी चार.

१९७९ च्या डिसेंबरात गुरुबसप्पा एका नात्यातल्या लग्नाला मंद्रूपला गेला. बाजाराचा दिवस होता. मेंढरांच्या बाजूला त्याला मायाक्का दिसली. दोन कोकरं दोरीनं धरून ती उभी होती. अंग वाळलं होतं. त्याला वाटलं तोंड चुकवावं, पण तिनं त्याला आधीच पाहिलं होतं.

“अण्णा, हिकडं कुटं?”

“लग्नाला आलोय. बरी हायस?”

“हाय.”

गिऱ्हाईक आलं, कोकराच्या पाठीवर हात फिरवून गेलं. ती म्हणाली, “आत्तीनं दुसरी केली त्यांना. केराबाई नाव. करजगीची हाय. चांगली हाय.”

म्हणजे राजाबाईनं धुळाप्पाला दुसरी बायको केली होती.

“सातवा लागलाय तिला,” मायाक्का म्हणाली. ती कोकराच्या दोरीचा वेढा हाताला घट्ट करत होती. “चार रोज झालं, पाय सुजल्यात. आत्ती म्हनती, पयलटकरनीला सुजत्यात. ती डोस्कं दुखतंय म्हनत न्हाय अजून.”

“उद्या आण,” गुरुबसप्पा म्हणाला. “सकाळच्या एस. टी.नं. थांबू नको.”

“त्यांना इचारावं लागंल.”

“विचार. नाही म्हणाले तरी आण.”

 कोकरं ओढत ती बाजूला सरकली, कारण मागून बैलगाडी येत होती.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास जिन्याखालच्या दारात सावली पडली. मायाक्का एका सोळा-सतरा वर्षांच्या घाबरलेल्या मुलीला हाताला धरून उभी होती. येमूल बाईंनी केराबाईला तपासलं, प्रेशर घेतलं आणि खाट दिली. मायाक्कानं तिचं गाठोडं नर्सच्या हातात दिलं. मेंढरांजवळ कुणी नव्हतं, तिला परतायला हवं होतं. केराबाई म्हणाली, “अक्का, थोडा वेळ बस की.”

“न्हाय,” मायाक्का म्हणाली. वॉर्डाच्या दाराशी ती थांबली, आतल्या खाटांकडं पाहिलं नाही, आणि जिना उतरून गेली.